मांडी घालून बसायचं हॉटेल

जेवायला बसले की गुरुजी उजव्या तळहातावर पाणी घ्यायचे, काहीतरी पुटपुटत ते ताटाभोवती फिरवायचे, आणि कॅन्टीनच्या टेबलाला उतार असल्यामुळे ते पाणी सरळ माझ्या साडीवर यायचं. रोज. मी म्हणायची, "गुरुजी, माझी साडी!" ते म्हणायचे, "आधी अन्नाला नमस्कार, साडीचं मग बघू." आणि ताटाच्या उजव्या अंगाला चार शितांच्या चित्राहुती घालून शांतपणे पहिला घास घ्यायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेलच. आपण रागावत राहतो आणि तो जेवत राहतो.

कानडी मुलखातल्या पीण्या ह्या औद्योगिक वसाहतीत, एका लहानशा कारखान्यात आम्ही दोघं नोकरीला होतो. मी डिस्पॅचच्या टेबलावर, ते इन्स्पेक्शनमध्ये. आठवडाभर त्यांनी लोखंडी तुकड्यांची मापं घ्यायची, न जमलेल्या तुकड्यावर लाल ठिपका द्यायचा. आणि सुटीच्या दिवशी जयनगरकडच्या मराठी घरांतून सत्यनारायण, वास्तुशांत, श्राद्धपक्ष. कारखान्यातले लोक त्यांना 'भट्रे' म्हणायचे, आम्ही मराठी माणसं 'गुरुजी'. त्यांना नाव होतं, पण ते फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायचं.

आता माझा राग आधीच सांगून टाकते, कारण तो कळला नाही तर पुढचं काहीच कळायचं नाही.

माझ्या वडिलांचं बळेपेटेत पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. दुकानातली दसऱ्याची पूजा सांगायला दर वर्षी गुरुजीच. पूजा झाली की आमच्याकडेच जेवायचे, आणि पुरणपोळीवर तूप की दूध ह्यावरून ते आणि वडील आई ओरडेपर्यंत भांडायचे. मी एकुलती एक. वडील गेले तेव्हा हुबळीचा चुलतभाऊ आला, अग्नी दिला, दिवस केले, आणि "पुढचं सगळं मी बघतो, अक्का" म्हणून जो गेला तो गेलाच. वर्षश्राद्ध झालं नाही. पक्षही झाला नाही. पितृपंधरवडा आला की शेजारच्या घरांतून वडे तळल्याचा वास यायचा, आणि मला वाटायचं, आपला बाप आत्ता कोणाच्या दारात उभा असेल? शेवटी मी गुरुजींना म्हटलं, "मी करते. तुम्ही सांगा."

"ताई, शास्त्रात बसत नाही."

"मुलगी आहे म्हणून?"

"मुलगी आहात म्हणून."

पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. तेच उत्तर, त्याच गार आवाजात. ज्या माणसाने माझ्या आईच्या हातच्या इतक्या पंगती उठवल्या, त्याने माझ्या वडिलांना घोटभर पाणी नाकारावं! माझं डोकं फिरायचं. पण रागावून जाणार कुठे? अख्ख्या कारखान्यात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. दुपार झाली की पुन्हा तेच टेबल, तेच पाणी, तीच माझी साडी.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. कारखान्याच्या ऑर्डरी कमी झाल्या आणि मालकांनी पहिली कुऱ्हाड घातली ती कॅन्टीनवर. म्हणजे ह्यांचा धंदा बसणार आणि आम्ही उपाशी राहणार! मग उरली उभ्याने खायची हॉटेलं, दर्शिनी. कूपन घ्या, कट्ट्यापाशी उभे राहा, पाच मिनिटांत गिळा आणि मागच्याला जागा द्या. गुरुजी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा नुसती कॉफी पिऊन परत आले.

"उभ्याने जेवायला आपण काय टांग्याचे घोडे आहोत?"

मग ते घरून डबा आणायला लागले. बायको वारलेली, मूलबाळ नाही, रांधणार तेच. डबा म्हणजे दहीभात, नाहीतर कोरडे पोहे. माणूस दिसताच वाळायला लागला. मी माझ्यातली भाजी पुढे केली तर म्हणायचे, "नको, कांदा असेल." आता भाजीत कांदा घातला हाही माझाच गुन्हा.

एक दिवस आम्ही दोघं मागच्या रस्त्याने बँकेत जाऊन येताना ते एका शेडसमोर थबकले. दाराबाहेर चपलांची रांग. आत माणसं चटईवर मांडी घालून, चौरंगाएवढ्या उंचीच्या टेबलांशी बसलेली.

"ताई, इथे देऊळ कधी झालं?"

"देऊळ नाही गुरुजी, हॉटेल आहे. कोरियन बाईचं."

"चपला बाहेर काढतात! मांडी घालून बसतात! आणि तुम्ही इतके दिवस मला सांगितलं नाहीत?"

आहे की नाही? आता हेही माझ्याच माथी.

त्या बाईची हकीकत कारखान्यातल्या पोरांना ठाऊक होती. जवळच्या एका मोठ्या कारखान्यात यंत्रं बसवायला कोरियन इंजिनियर आले होते, त्यांच्या जेवणाची व्यवस्था बघायला ही आलेली. मग त्यांच्या देशात पैशाचं संकट आलं, काम अर्धवट सोडून इंजिनियर विमानात बसले, आणि ही मागे राहिली. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं म्हणे. शेड भाड्याने घेतलेलीच होती, मोठमोठी भांडी होती. तिने कामगारांना परवडेल अशा दरात भाताचा वाडगा विकायला सुरुवात केली. उडप्याच्या थाळीपेक्षा स्वस्त, आणि पोट भरायचं. पन्नाशीची, ठेंगणी, तोंडाने फटकळ असावी, पण तिची भाषा कळत नसल्यामुळे कोणाला त्याचा त्रास नव्हता. कानडीतले चार शब्द तिने उचलले होते: बेकु, बेडा, साकु, स्वल्प. हवं, नको, पुरे, थोडं. ह्या चार शब्दांवर तिने अख्खं हॉटेल चालवलं. पोरं तिला अक्का म्हणायची.

आधी मी एकटी जाऊन चौकशी केली. अंडं बेडा, मांस बेडा, मासा बेडा, लसूण बेडा. प्रत्येक बेडागणिक तिचा चेहरा पडत गेला. शेवटी तिने हात पसरून विचारलं, "बेकु?" म्हणजे मग हवंय तरी काय बाई तुम्हाला? मी भात दाखवला, भाज्या दाखवल्या. दुसऱ्या दिवशी गुरुजी घरून स्वतःचं पितळी पातेलं घेऊन आले आणि तिच्यापुढे धरून म्हणाले, "अक्का, माझं ह्यात." तिने पातेलं उलटंसुलटं करून पाहिलं, तळाला टिचकी मारली आणि वेगळ्या खुंटीला टांगलं. तेव्हापासून त्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला मी पाहिला नाही.

पहिल्या दिवशीचा वाडगा अजून डोळ्यांपुढे आहे. खाली मऊ, चिकट भात. वर पालक, गाजराच्या काड्या, काकडी, मोड आलेलं कडधान्य, सगळं आपापल्या जागेवर. गुरुजींनी निरखून पाहिलं. "डावी बाजू, उजवी बाजू सांभाळलेली आहे," ते म्हणाले. मग हातावर पाणी घेतलं, वाडग्याभोवती फिरवलं, चित्राहुती घातल्या आणि डोळे मिटले. तेवढ्यात अक्का फडकं घेऊन धावत आली, सांडलेलं पाणी पुसलं, शितं उचलली, टेबल लख्ख करून गेली. गुरुजींनी डोळे उघडले.

"पुसलं?"

"पुसलं."

त्यांनी पुन्हा पाणी फिरवलं. ती पुन्हा आली. तिला वाटलं असणार, म्हाताऱ्याचा हात कापतो. तिसऱ्या वेळी तिने पाण्याचा पेलाच उचलून त्यांच्यापासून दूर ठेवला. गुरुजी लाल झाले. मी हसू दाबत होते, आणि ते माझ्यावर डाफरले, "हसताय काय? तिला सांगा!" कुठल्या भाषेत सांगू? मी आकाशाकडे बोट दाखवलं, हात जोडले, शितांकडे बोट दाखवलं. अक्का क्षणभर बघत राहिली. मग तिच्या तोंडून "आऽऽ" असा लांबलचक आवाज निघाला. तिने स्वतःच्या भातातला चिमूटभर भात घेतला, दारापाशी गेली आणि बाहेर मातीत टाकून आली. त्यांच्याकडेही शेतावर जेवताना पहिला घास असा बाजूला टाकतात, हे तिने खुणांनी सांगितलं.

"बघा!" गुरुजी म्हणाले. "शास्त्रात बसतं."

त्या दिवसापासून अक्काचं सगळंच शास्त्रात बसायला लागलं. चपला बाहेर, बसतं. जेवायच्या आधी हात धुवायला लावते, बसतं. ताटात टाकलेलं तिला खपत नाही, बसतं. मी तिथे बसून दात खात असायची. हजारो मैलांवरून आलेल्या बाईचा भात ह्यांच्या शास्त्रात बसतो आणि बळेपेटेतल्या यजमानाची मुलगी बसत नाही!

एकदाच त्यांचा भडका उडाला. अक्काने कौतुकाने भातावर काळे तीळ पेरून आणले. गुरुजी मांडी मोडून ताडकन उठले. "अक्का! मी अजून जिवंत आहे!" काळे तीळ आणि भात आमच्याकडे कोणासाठी ते तुम्हाला माहीतच आहे. सगळं हॉटेल बघत राहिलं. अक्का घाबरली. मी मधे पडले, तिळांकडे बोट दाखवून डोळे मिटले, मान टाकली, जीभ बाहेर काढली. मेलेल्या माणसाची नक्कल करायची वेळ माझ्यावर ह्या माणसाने आणली. अक्काने ओठांवर हात ठेवला आणि वाडगा उचलून पळाली. परत आली तेव्हा भात पांढराशुभ्र होता, आणि गुरुजी खाली मान घालून जेवले.

तोवर कुजबुज सुरू झालीच होती. कोण म्हणे ती कुत्री शिजवते, कोण म्हणे साप. म्हणणारे कोण, तर जे कधी त्या दारात पाय ठेवत नव्हते ते. आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांच्या मेहुण्याचं वर्कशॉप त्याच गल्लीत होतं. त्याने गुरुजींना तिथे जेवताना पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत जयनगरात बातमी पोचली. गुरुजी बाटले. बोलणारे अध्यक्ष स्वतः दर रविवारी मिलिटरी हॉटेलात, म्हणजे सामिष खाणावळीत, मटण ओरपून येतात हे सगळ्या जयनगराला माहीत. पण ते यजमान, त्यांना चालतं. सोवळं पाळायचं ते भटजींनी, तेही ह्यांच्या वतीने. तुम्हीच सांगा, तळपायाची आग मस्तकात जाईल की नाही?

मग भाद्रपदातली पौर्णिमा आली. दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवडा.

आम्ही दुपारी गेलो तर शेडचं दार अर्धं लोटलेलं. आत गिऱ्हाईक नाही. अक्काने भिंतीशी एक टेबल मांडलं होतं. त्यावर एका म्हातारा-म्हातारीचा फोटो, भाताचे दोन वाडगे, फळं, पेल्यात काहीतरी, आणि चंद्रकोरीसारख्या उकडलेल्या छोट्या करंज्या. ती स्वतः कोऱ्या कपड्यांत, फोटोपुढे गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावत होती. आम्हाला पाहून ती उठली नाही. फोटोकडे बोट दाखवून कानडीत म्हणाली, "अप्पा. अम्मा. ऊटा." वडील. आई. जेवण. आणि मग तिला रडू आलं.

गुरुजी दारात उभे. मी त्यांच्या मागे.

"आज पौर्णिमा," ते स्वतःशीच म्हणाले. "ह्यांच्याकडेही पितरांचं ह्याच दिवसांत?"

त्यांनी करंजी उचलून वास घेतला. "तीळ आहेत आत." मग सदरा काढून खुंटीला लावला, जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, आणि अक्काच्या शेजारी जाऊन बसले. तिच्याकडून वाटीभर पाणी मागितलं, काळे तीळ मागितले. तिचा हात आपल्या हातात धरून अंगठ्याच्या बाजूने पाणी कसं सोडायचं ते दाखवलं. नावं विचारली. तिने सांगितली, त्यांनी जमेल तशी उच्चारली. "गोत्र माहीत नसलं की कश्यप," असं म्हणून कश्यप लावलं. आणि त्या परक्या मुलुखातल्या म्हातारा-म्हातारीला, त्यांच्या मुलीच्या हातून, तीनदा पाणी दिलं.

मुलीच्या हातून!

मी तिथे एक क्षण थांबले नाही. न जेवता कारखान्यात परत आले आणि डिस्पॅचच्या कागदांवर नुसते शिक्के आपटत बसले. संध्याकाळी बसच्या थांब्यावर गुरुजी आले तसं मी त्यांना तिथेच धरलं. चार लोक बघत होते. बघू देत.

"माझ्या वडिलांच्या घरी तुम्ही आयुष्यभर जेवलात. दर वर्षी तुमच्या दारात मी भीक मागितल्यासारखी उभी राहते. मला शास्त्र सांगता. आणि आज? ती मुलगी नाही? तिच्या आईबापांना तहान लागते, माझ्या बापाला लागत नाही?"

गुरुजींनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"ताई, तिने मला विचारलं नाही. ती आपली करतच होती. मी फक्त शेजारी बसलो."

"म्हणजे मी विचारलं ही माझी चूक?"

"तुम्ही विचारलंत, म्हणून मला शास्त्र बघावं लागलं."

बस आली. मी पुढे बसले, ते मागे. पंधरा वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकमेकांशी न बोलता घरी गेलो.

त्या पौर्णिमेची बातमीही मेहुण्याने पोचवलीच. दार लोटलेलं होतं, पण पूर्ण लोटलेलं नव्हतं ना. पंधरवडा सुरू झाला आणि एकेक यजमान गुरुजींना नको म्हणायला लागला. कोणाचा पाहुणा येणार होता, कोणाला गावी जायचं होतं. खरं कारण तोंडावर सांगायची हिंमत एकाही पुरुषाला झाली नाही. बाप-आजोबांपासून ज्या घरांत ह्या माणसाने आणि त्याच्या वडिलांनी जन्म-मरणाची कार्यं केली, ती घरं. पुरोहितपण हीच त्यांची खरी नोकरी होती. कारखान्यात ते नुसते जात होते. शेवटी अध्यक्षांनी मंडळाची सभा बोलावली. मी गेले. बायका अशा सभांना जात नसत, पण मला कोण अडवतं तेच बघायचं होतं.

अध्यक्ष गोड बोलले. तोच त्यांचा धंदा, साड्यांचं दुकान. "गुरुजी, आम्हाला काही फार नको. तिथे फक्त चहा घेतला, जेवलो नाही, एवढं एकदा म्हणा. आणि ते पाणीबिणी सोडलं ही लोकांची अफवा आहे, म्हणा. विषय संपला. उद्यापासून सगळी घरं तुमचीच."

सगळे मान हलवत होते. एवढं सोपं होतं. एक वाक्य, आणि सगळं परत मिळणार. खोटं बोलायला सांगत होते आणि त्याला धर्म म्हणत होते.

गुरुजी उभे राहिले.

"जेवलो. रोज जेवतो. उद्याही जेवणार आहे."

"अहो पण..."

"आणि पाणी सोडलं. मीच सांगितलं."

"मग प्रायश्चित्त तरी घ्या."

"कशाचं? कुणाच्या तरी आईबापांना पाणी पोचलं ह्याचं?" त्यांचा आवाज तापलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "आणि आता आणखी एक सांगून ठेवतो, म्हणजे पुन्हा सभेचा त्रास नको. सर्वपित्रीला मी ह्या ताईंच्या वडिलांचं श्राद्ध करवणार आहे. त्यांच्या हातून."

सभेत एकदम कालवा झाला. कोणीतरी मेजावर हात आपटला. आणि खरं सांगते, तेव्हाही मला आधी रागच आला. बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, "मला विचारायचं तरी होतं!"

"विचारलं की शास्त्र बघावं लागतं," गुरुजी म्हणाले, आणि चपला शोधायला लागले.

त्यानंतर मंडळाने दुसरे भटजी आणले. तरुण, मोटारसायकलवरून येणारे, घड्याळ बघत पूजा उरकणारे. ते कुठे जेवतात हे कोणी विचारलं नाही. पुढच्या दोन वर्षांत आमचा कारखाना बंद पडला. अक्काच्या शेडच्या मालकाला जागा गोदामासाठी हवी झाली आणि ती एका सकाळी मोठी भांडी विकून, कोणाचा निरोप न घेता निघून गेली. गुरुजी आनेकलला भाच्याकडे राहायला गेले. मी वर्षातून दोनदा बसने जाऊन यायची. तिथे ते शेजारच्या पोरांना संध्या शिकवायचे आणि भाच्याची सून टीव्हीसमोर ताट घेऊन बसते म्हणून चिडायचे. एका पावसाळ्यात त्यांच्या भाच्याचा फोन आला, तोही तेरावं झाल्यावर. मंडळात मी कळवलं. अध्यक्ष म्हणाले, "अरेरे, फार चांगला माणूस." मी फोन ठेवून दिला. आणखी दोन मिनिटं ऐकलं असतं तर मी काय बोलले असते ते मला माहीत आहे.

राग असा माझा कशाकशावर आहे, आणि तो मी जपून ठेवणार आहे. पण सर्वपित्रीची ती दुपार मला तुम्हाला दाखवायची आहे.

घरी करायचं म्हटलं तर सासूबाईंनी साफ सांगितलं, माझ्या घरात हे थेर नकोत. नवरा वर्तमानपत्रात तोंड घालून बसला. तेव्हा अक्काने दुपारपुरतं हॉटेल बंद ठेवलं. जमीन धुऊन काढली, टेबलं भिंतीला लावली. तिच्या शेगडीवर मी वडे केले, तांदळाची खीर केली, आमसुलाची चटणी केली, भोपळ्याची भाजी केली. भात तिने शिजवला, गुरुजींच्या पातेल्यात. काय चाललं आहे हे तिला सांगावं लागलं नाही. मी फक्त "अप्पा" म्हटलं. तिने माझे केस मागे सारले, हात धुवायला पाणी दिलं आणि कोपऱ्यात जाऊन बसली.

पानावर बसायला ब्राह्मण हवा. गुरुजींनी दोघांना विचारलं होतं. एकाला ताप आला, दुसऱ्याने निरोपाचं उत्तरच पाठवलं नाही.

"सांगणारा मी आणि जेवणाराही मीच," गुरुजी म्हणाले. "शास्त्रात बसत नाही. पण बसतो."

त्यांनी मला दर्भाची अंगठी घातली. वडिलांचं नाव उच्चारायला लावलं. माझा आवाज बारीक आला तर खेकसले, "मोठ्याने! कुजबुजून कोणी बापाला हाक मारतं का?" मी मोठ्याने नाव घेतलं. मग आजोबांचं, मग पणजोबांचं. पिंड ठेवले, पाणी सोडलं. मला रडायचं नव्हतं. ह्या माणसापुढे तर नाहीच.

मग ते केळीच्या पानावर बसले. म्हणाले, "आता एक लक्षात ठेवा. ह्या पानावर मी नाही. तुमचे वडील आहेत. वाढताना माझ्याकडे बघू नका."

मी वाढलं. भात, वरण, भाजी, वडे, खीर. कोणाकडे बघितलं नाही, नुसतं पान बघत राहिले. ते सावकाश जेवत होते. खीर संपली, मी पुन्हा वाढली. वडा संपला, पुन्हा वाढला. त्यांनी नको म्हटलं नाही. अक्का कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती. शेवटी पानावरची बोटं थांबली.

"आता यजमानाने विचारायचं असतं," गुरुजी म्हणाले. "तृप्त झालात का, म्हणून. संस्कृतात असतं ते. तुम्ही मराठीत विचारा. त्यांना मराठीच कळायचं."

मी वाढायचं भांडं खाली ठेवलं, पदराला हात पुसले. त्यांनी घाई केली नाही, पानापुढे तसेच बसून राहिले.

मी विचारलं, "तृप्त झालात का?"

इतकी वर्षं मला 'ताई', 'तुम्ही' म्हणणाऱ्या त्या माणसाने पानावरून नजर न उचलता उत्तर दिलं.

"झालो गं. कधीची वाट बघत होतो."